कॉप्टिक थडग्याचा दगड वाचायचा कसा? नवशिक्यांसाठी

कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयात, शहराजवळच्या सक्काऱ्याहून आणलेल्या दगडांसमोर मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा माझ्याजवळ अक्षरांचा तक्ता होता, दोन महिन्यांचा सराव होता आणि नवशिक्याचा फाजील आत्मविश्वास होता. हातभर उंचीच्या एका चुनखडीच्या दगडावरची नावं मी अर्ध्या तासात सुटी केली. यिर्मया, हनोख, सिबिल्ला, मरीया, मीखाएल, गब्रीएल... वहीत लिहिलं : "नऊ जण, एकत्र दफन? साथ आली असावी." हॉटेलवर परतल्यावर कळलं की साथबीथ काही नव्हती. मेला होता एकच माणूस, आणि त्याचं नाव शेवटून दुसऱ्या ओळीत होतं. वरची सगळी मंडळी त्याच्यासाठी आळवलेले संत आणि देवदूत होते.

ही फजिती तुमची होऊ नये म्हणून हा लेख. इजिप्तला जाणार असाल, लंडन-पॅरिस-बर्लिनच्या संग्रहालयात असे दगड दिसणार असतील, किंवा घरबसल्या फोटोंवरून वाचायचे असतील, तरी पायऱ्या त्याच. इजिप्तॉलॉजीची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

दोन वाक्यांत पार्श्वभूमी : कॉप्टिक म्हणजे प्राचीन इजिप्शियन भाषेचं शेवटचं रूप, ग्रीक अक्षरांत लिहिलेलं. इजिप्तमधले ख्रिस्ती लोक तिसऱ्या-चौथ्या शतकापासून ती लिहू लागले, आणि थडग्यांवरचे बहुतेक लेख साधारण पाचव्या ते नवव्या शतकातले आहेत.

हाताशी काय हवं

- अक्षरांचा तक्ता. छापील नको, स्वतः हाताने काढलेला. दगडावरची अक्षरं छापील वळणासारखी नसतात.
- इजिप्शियन महिन्यांचा तक्ता (पुढे दिलाय).
- छोटी बॅटरी, पण फोटो काढण्याची आणि प्रकाश टाकण्याची परवानगी असेल तिथेच. प्रकाश समोरून नको, बाजूने तिरपा टाकायचा. झिजलेलं अक्षर सावलीत उठून दिसतं.
- शब्दकोश. वॉल्टर क्रमचा १९३९चा कोश अजूनही आधारस्तंभ आहे. त्यात दोन खोड्या आहेत. शब्द व्यंजनांच्या क्रमाने लावलेत, स्वर मागाहून येतात. आणि ग्रीकमधून आलेले शब्द त्यात घेतलेलेच नाहीत. थडग्यावरचे निम्मे शब्द ग्रीक असतात, त्यामुळे मी पहिले काही आठवडे "हा शब्द कोशात का नाही" म्हणून स्वतःलाच दोष देत होते. आंतरजालावरचा कॉप्टिक डिक्शनरी ऑनलाइन हा कोश ग्रीक शब्दही दाखवतो. सुरुवात तिथून करा.
- पेन्सिल आणि चौकटींची वही. एका चौकटीत एक अक्षर.

कागद ठेवून पेन्सिल घासणं, ओला कागद दाबून ठसा घेणं, खडू भरणं हे प्रकार करू नका. चुनखडी भुसभुशीत असते आणि कोरलेल्या खाचेत कधीकधी मूळचा लाल रंग उरलेला असतो.

१. दगड कुठला, हे आधी विचारा

वाचायची घाई असते, मान्य. पण दगडाखालच्या पाटीवर सापडलेलं ठिकाण आणि नोंदणी क्रमांक असेल तर तो आधी उतरवून घ्या. ठिकाण कळलं की निम्मा मजकूर अंदाजाने भरता येतो, कारण प्रत्येक जागेची आळवणीची पद्धत ठरलेली होती.

उत्खननातून आलेला दगड आणि बाजारातून आलेला दगड यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. सक्काऱ्याचा अपा येरेमियासचा मठ जेम्स क्विबेलने १९०६ ते १९१० या काळात खणला, आणि तिथले लेख हर्बर्ट थॉम्पसनने वाचून त्याच अहवालांत छापले. असा दगड म्हणजे नवशिक्यासाठी सोनं : आधी स्वतः वाचायचं, मग छापील वाचनाशी ताडून बघायचं. उलट, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर "शेख इबादाहून (प्राचीन अन्तिनोए, मध्य इजिप्त) आलेली" म्हणून विकली गेलेली कितीतरी शिल्पं बनावट निघाली. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयाने २००९ साली स्वतःच्याच संग्रहातल्या अशा नकली वस्तू खऱ्यांच्या शेजारी मांडून प्रदर्शन भरवलं होतं. एवढ्या मोठ्या संस्थेची फसगत होते, तिथे ऑनलाइन लिलावात "प्राचीन कॉप्टिक दगड" दिसला म्हणून आपण काय ओळखणार? विकत घेऊच नका. १९८३च्या ११७ क्रमांकाच्या कायद्यानंतर इजिप्तमधून पुरावस्तू विकणं किंवा बाहेर नेणं हा गुन्हा आहे.

२. अक्षरं थोडी, गोंधळ फार

साहिदिक, म्हणजे दक्षिण इजिप्तच्या बोलीत, तीस अक्षरं : चोवीस ग्रीक आणि सहा देमोतिक या जुन्या इजिप्शियन लिपीतून घेतलेली. ही सहा अक्षरं ग्रीकमध्ये नसलेल्या श, फ, ह, ज यांसारख्या उच्चारांसाठी आहेत, आणि शिकायला सगळ्यात सोपी तीच, कारण दुसऱ्या कशासारखी दिसतच नाहीत.

अडचण ओळखीच्या अक्षरांची होते. इंग्रजी शाळेतून आलेलं डोकं आपोआप रोमन वाचतं. रोमन पी दिसला तर तो 'र' आहे. सी दिसला तर 'स'. एच दिसला तर दीर्घ 'ए'. एक्स दिसला तर 'ख'. पहिल्या आठवड्यात मी 'ख्रिस्तोस'च्या खुणेला "एक्स-सी" म्हणत होते.

दुसरा गोंधळ गोल अक्षरांचा. ए, थ, ओ आणि स ही चारही अक्षरं गोल किंवा अर्धगोल. फरक फक्त आतल्या आडव्या रेघेचा आणि उजव्या बाजूच्या उघड्या तोंडाचा. दगड झिजला की आतली रेघ आधी जाते. अशा वेळी वहीच्या चौकटीत "गोल" एवढंच लिहा आणि पुढे चला. शब्द जुळला की अक्षर आपोआप ठरतं.

तिसरी गोष्ट अक्षरांवरच्या आडव्या रेघेची. आपण शिरोरेषेत वाढलेली माणसं. डोक्यावरची रेघ आपल्याला दिसतच नाही. इथे ती बघावी लागते, कारण ती तीन वेगवेगळी कामं करते. व्यंजनावर असेल तर तिथे निसटता 'अ'सारखा स्वर म्हणायचा. दोन-तीन अक्षरांवर सलग असेल तर ते पवित्र नावाचं संक्षिप्त रूप असू शकतं, जसं येशू, ख्रिस्त, आत्मा, देव. आणि एकट्यादुकट्या अक्षरावर असेल तर तो आकडा, कारण अंकांसाठी वेगळी चिन्हं नव्हती. आल्फा म्हणजे १, योता म्हणजे १०. कटपयादी माहीत असणाऱ्याला अक्षरांतून आकडे काढण्याची मौज सांगायला नको. लेखाच्या शेवटी कधीकधी नुसता ९९ दिसतो. तो वयाचा किंवा वर्षाचा आकडा समजू नका : 'आमेन' या ग्रीक शब्दातल्या अक्षरांची बेरीज १ + ४० + ८ + ५० = ९९ होते.

शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते. ओळ संपली की शब्द मध्येच तुटतो. मोडी वाचणाऱ्या मंडळींना याचं काही वाटणार नाही.

आणि एक सावधगिरी : आज कॉप्टिक चर्चमध्ये उपासनेत जी कॉप्टिक ऐकू येते ती बोहैरिक, उत्तरेकडची बोली. यूट्यूबवरचे बरेच धडेही तिचेच. दगडांवर मात्र बहुतेक ठिकाणी साहिदिक असते. मी उलटीकडून सुरुवात केली आणि दोन महिने वाया घालवले. शिकायचं तर साहिदिकपासून.

३. साचा पकडा

थडग्याचा लेख म्हणजे भरायचा फॉर्म असतो. आपल्याकडच्या निधनवार्तेसारखा : "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" एवढं वाचलं की पुढे काय येणार हे ठाऊक असतं. इथे तीन-चार साचे पाठ केले तर बहुतेक दगड उलगडू लागतात.

पहिला, मठांमधला : "पिता, पुत्र, पवित्र आत्मा" (कानाला साधारण "पेयोत, प्शेरे, पेप्नेव्मा एतुआब" असं), मग संतांची माळ, मग "आठवण ठेवा" आणि मग मेलेल्याचं नाव. गोव्यात किंवा वसईकडे लदीन ऐकली असेल तर ही चाल लगेच ओळखू येईल. एकामागून एक नावं येतात, आणि शेवटी एकच मागणं.

दुसरा, ग्रीक आणि रोखठोक : "एकच देव, साहाय्य करणारा." दक्षिणेकडच्या दगडांवर हा फार दिसतो.

तिसरा मला सगळ्यात आवडतो : "मे ल्युपेई, औदेईस अथानातोस", दुःख करू नकोस, या जगात कोणीच अमर नाही. गंमत म्हणजे हे वाक्य ख्रिस्ती नव्हेच. आधीच्या, जुन्या देवांना मानणाऱ्या लोकांच्या थडग्यांवरही ते आहे. धर्म बदलला, सांत्वनाचं वाक्य तेच राहिलं. म्हणून नुसत्या या वाक्यावरून "हा ख्रिस्ती दगड" असा शिक्का मारू नका.

चौथा इजिप्तच्या दक्षिणेला, नुबियात (आजचा उत्तर सुदान) : "आत्म्यांच्या आणि सर्व देहधाऱ्यांच्या देवा", आणि मृताला अब्राहाम, इसहाक, याकोब यांच्या उराशी विसावा दे. ही लांबलचक प्रार्थना ग्रीक ऑर्थोडॉक्स अंत्यविधीत आजही म्हटली जाते.

४. संतांची यादी म्हणजे पत्ता

माझी "नऊ जण" वाली चूक इथली. पण ही यादी ओलांडून पुढे जायची नाही. दगड कुठल्या मठाचा, हे बहुतेक वेळा तीच सांगते.

सक्काऱ्याच्या यादीत अपा येरेमियास, अपा एनोख आणि अमा सिबिल्ला हे त्रिकूट येतं. मध्य इजिप्तमधल्या बावितच्या मठात (जाँ क्लेदाने १९०१पासून खणलेला; त्याचे दगड आणि लाकूडकाम लूव्रमध्ये बघायला मिळतं) अपा अपोल्लो, अपा फिब आणि अपा अनूप येतात. पाटीवर ठिकाण नसलेला दगड समोर आला आणि त्यावर अपोल्लो-फिब-अनूप दिसले, तर बावित किंवा त्याच्याशी नातं सांगणारा मठ हा पहिला अंदाज बांधायला हरकत नाही.

'अपा' शब्दाबद्दल : मराठी कानाला 'आप्पा' ऐकू येतं आणि अर्थही वडिलकीचाच, त्यामुळे कुणीतरी नातं जोडून देईल. नातं नाही. तो अरामी 'अब्बा'कडून आला. स्त्रीसाठी 'अमा'. 'अपा' ही उपाधी साध्या मठवासीयालाही लागते आणि हुतात्म्यालाही, तेव्हा 'अपा' दिसला की संत, असं धरू नका. 'हागिओस' हा ग्रीक शब्द दिसला तर मात्र संताकडे झुकायला जागा आहे.

नावांनी फसू नका, कारण फसवणारी नावंच जास्त आहेत. येरेमियास म्हणजे बायबलमधला यिर्मया संदेष्टा नव्हे. त्याचं नाव घेतलेला मठाचा संस्थापक. एनोख आणि सिबिल्ला यांच्याबद्दल तर अभ्यासकांतच दोन मतं आहेत. काही जण त्यांना मठातलीच जुनी वडीलधारी माणसं मानतात. काहींच्या मते एनोख म्हणजे बायबलमधला हनोख, ज्याला कॉप्टिक परंपरेत न्यायाच्या दिवशीचा लेखनिक मानतात, आणि सिबिल्ला म्हणजे भविष्य सांगणारी सिबिल. कॉप्टिक कथांमध्ये ती हनोखाची बहीण होते. मला दुसरं मत ओढ लावतं. थडग्यावर कुणाला आळवायचं तर ज्याच्या हातात खातेवही आहे त्याला, हे पटण्यासारखं आहे. पण एवढ्यावरून निकाल देऊ नये.

बावितच्या त्रिकुटाची मौज वेगळी. अपोल्लो हे ग्रीक देवाचं नाव. अनूप म्हणजे मृतांचा रखवालदार, कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस. फिब म्हणजे आयबिस पक्षी, थोथ देवाचा. तिघेही पक्के ख्रिस्ती संत, आणि तिघांची नावं आधीच्या देवळांतली. आईबापांनी घराण्यातली नावं ठेवली आणि मुलं संत झाली. जुन्या देवाचं नाव दिसलं म्हणून दगड ख्रिस्तपूर्व ठरवण्याची चूक नवशिके हमखास करतात.

५. आता मृत व्यक्ती शोधा

खालून वर वाचा. तारीख शेवटी असते. तिच्या वर क्रियापद असतं आणि त्याच्या वर नाव. क्रियापद दोन प्रकारचं. ग्रीक 'एकोइमेथे' म्हणजे झोपी गेला किंवा गेली. कॉप्टिक 'अफ्म्तोन म्मोफ' म्हणजे तो विसावला, आणि 'अस्म्तोन म्मोस' म्हणजे ती विसावली. फ असेल तर पुरुष, स असेल तर स्त्री. इतका सोपा निकष दुसरा नाही, आणि नाव पुसलेलं असलं तरी तो चालतो.

नावाच्या आधी 'माकारिओस' (स्त्रीसाठी 'माकारिया') दिसेल. शब्दशः धन्य, व्यवहारात आपला 'कै.' समजा. मी एकदा एका संग्रहातले चार दगड "माकारिओस नावाच्या माणसाचे" म्हणून वेगळे काढून ठेवले होते. खरोखर माकारिओस नावाची माणसंही होती, ही वर डोकेदुखी. ओळखायची खूण अशी की 'माकारिओस'च्या आधी 'प' हे पुल्लिंगी उपपद असेल आणि लगेच पुढे दुसरं नाव असेल, तर ती उपाधी.

नावांच्या सुरुवातीही बोलतात. 'पा-' म्हणजे अमक्याचा, 'ता-' म्हणजे अमकीची. पाएसे आणि ताएसे, दोघंही इसिसची. 'सेन'ने सुरू होणारं नाव बहुधा मुलीचं. 'पेन्सोन' म्हणजे आमचा भाऊ, मठातल्या अर्थाने. रक्ताचं नातं लगेच गृहीत धरू नका.

६. तारीख, म्हणजे खरी परीक्षा

महिने तीस-तीस दिवसांचे बारा, आणि शेवटी पाच दिवसांचा (लीप वर्षी सहा) 'छोटा महिना'. साहिदिक नावं आणि त्या काळच्या ज्युलियन पंचांगातला पहिला दिवस असा :

थूत २९ ऑगस्ट, पाओपे २८ सप्टेंबर, हाथोर २८ ऑक्टोबर, कोयाह्क २७ नोव्हेंबर, तोबे २७ डिसेंबर, म्शिर २६ जानेवारी, पारेम्हात २५ फेब्रुवारी, पार्मूते २७ मार्च, पाशोन्स २६ एप्रिल, पाओने २६ मे, एपेप २५ जून, मेसोरे २५ जुलै, छोटा महिना २४ ऑगस्ट.

लीप दिवस ऑगस्टअखेरीस येत असल्यामुळे त्यानंतरचे काही महिने एकेका दिवसाने सरकतात, इतकं लक्षात असू द्या. आजच्या पंचांगात कॉप्टिक नवं वर्ष ११ सप्टेंबरला (काही वर्षी १२ला) येतं. हीच नावं थोड्या बदललेल्या उच्चाराने इजिप्तचे शेतकरी, मुसलमान असोत की ख्रिस्ती, पेरणी-कापणीसाठी वापरत आले आहेत.

दिवस-महिना सापडला की मन प्रसन्न होतं. मग वर्ष बघायला जावं तर तिथे लिहिलेलं असतं : "इंडिक्शन ८". इंडिक्शन म्हणजे पंधरा वर्षांचं करआकारणीचं चक्र. कितवं चक्र ते लिहायची पद्धत नव्हती. आपल्याकडे शक न देता नुसतं "विकारीनाम संवत्सरे" लिहिलं तर साठ वर्षांची जी गोची होते, तीच इथे पंधरा वर्षांची. इंडिक्शन ८ म्हणजे दर पंधरा वर्षांनी येणारं कुठलंही आठवं वर्ष. त्यामुळे संग्रहालयाच्या पाट्यांवर "सहावं-सातवं शतक" असं मोघम दिसतं. तो आळस नाही.

मला वाटतं, त्या लोकांना वर्ष लागतच नव्हतं. दरवर्षी त्या दिवशी नाव घ्यायचं, प्रार्थना करायची, तर तिथी पुरे. पुण्यतिथीला शक कोण विचारतो?

काही दगडांवर, विशेषतः उशिराच्या आणि नुबियातल्या, सलग शक मिळतो. तो सम्राट डायोक्लेशनच्या राज्यारोहणापासून, म्हणजे इ.स. २८४पासून मोजलेला. ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ याच सम्राटाने ३०३मध्ये सुरू केला. पुढे त्याचं नाव गाळून त्याच शकाला 'हुतात्म्यांचा शक' म्हणू लागले. हिशेब : थूत ते डिसेंबरअखेर २८३ मिळवा, जानेवारीपासून पुढे २८४. म्हणजे हुतात्म्यांचं वर्ष ५००, महिना हाथोर, तर इ.स. ७८३, तेच महिना पाओने असेल तर ७८४. सगळीकडे सरसकट २८४ मिळवणं ही नेहमीची चूक, छापील कॅटलॉगांतही सापडते.

७. चित्रावर लगेच विश्वास टाकू नका

दोन्ही हात वर करून उभी असलेली आकृती, भोवती खांब आणि कमान : हे बघून "प्रार्थना करणारा ख्रिस्ती" असं म्हणावंसं वाटतं. पण नाईलच्या त्रिभुज प्रदेशाजवळ तेरेनूथिस (कोम अबू बिल्लू) इथे मिशिगन विद्यापीठाने १९३५मध्ये खणलेल्या थडग्यांवर नेमकी हीच मुद्रा आहे, शेजारी अनुबिसचा कोल्हा बसलाय, आणि त्यांतले बहुतेक लोक ख्रिस्ती नव्हते. मुद्रा जुनी, ख्रिस्ती लोकांनी ती पुढे चालवली.

त्याहून बोलकं उदाहरण बर्लिनच्या संग्रहातल्या फायुमच्या एका दगडाचं. बाळाला पाजणारी बसलेली स्त्री. कित्येक वर्षं तो मरीयेच्या स्तनपानाच्या चित्रांचा आरंभ म्हणून पुस्तकांत छापला गेला. मग त्यावरच्या रंगवलेल्या, पुसट झालेल्या अक्षरांकडे कुणीतरी नीट बघितलं, आणि ते एकवीस वर्षांच्या एका बाईचं थडगं निघालं. चित्र बघून भक्ती जागी झाली आणि अक्षरं वाचायची राहिली. मी हा किस्सा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय.

८. संताच्या मागे जा

दगडावर मठाच्या त्रिकुटाखेरीज दुसरा संत दिसला, तर तो का, हे शोधण्यात खरी मजा आहे. मात्र आधी तो कुठला हे ठरवा. थिओदोर किमान दोन : सेनापती थिओदोर आणि पूर्वेकडचा थिओदोर. व्हिक्टर, फोइबाम्मोन यांचंही तेच. संताचा सणाचा दिवस कॉप्टिक चर्चच्या सिनाक्सारिओन या दैनंदिन संतचरित्रसंग्रहात मिळतो. उदाहरणार्थ संत मेनास हाथोर १५, म्हणजे जुनी ११ नोव्हेंबर, आजच्या पंचांगाने २४ नोव्हेंबर.

मेनासचं ठाणं अलेक्झांड्रियाच्या नैर्ऋत्येला अबू मीना इथे होतं. १९०५मध्ये कार्ल मारिया काउफमानने ते शोधून काढलं आणि १९७९पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. यात्रेकरू तिथून मातीच्या चपट्या कुप्या घेऊन जात. दोन गुडघे टेकलेल्या उंटांमध्ये हात पसरून उभा असलेला मेनास हा त्यांच्यावरचा ठसा. त्या युरोपभर सापडल्यात. आळंदी-पंढरीहून बुक्का आणि तुळशीमाळ घरी येते, त्याच जातीची ही वस्तू. त्यामुळे कुपी सापडली म्हणून तिथे मेनासचं देऊळ होतं असं होत नाही.

अन्तिनोएचा हुतात्मा वैद्य अपा कोल्लुथोस याच्याकडे लोक प्रश्न घेऊन जात. एकाच प्रश्नाच्या दोन चिठ्ठ्या, एक होकाराची आणि एक नकाराची. त्यातली एक परत यायची, ती संताची आज्ञा. कोकणात देवाला कौल लावणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. अशा खऱ्या चिठ्ठ्या उत्खननात सापडल्या आहेत.

पण सगळेच धर्मगुरू या भक्तीवर खूश होते असं समजू नका. इजिप्तच्या वाळवंटातला संन्यासी संत अंतोनी याने मरताना शिष्यांना बजावलं होतं की माझा देह कुठे पुरला ते कुणाला सांगू नका, कारण इजिप्तमध्ये पूज्य माणसांचे देह गुंडाळून घरात मंचकावर ठेवायची रीत होती आणि ती त्याला मान्य नव्हती. सोहागजवळच्या शुभ्र मठाचा कडक महंत शेनूते तर, सापडेल ते हाड हुतात्म्याचं म्हणून चर्चमध्ये बसवणाऱ्यांवर तुटून पडला होता. दगडावरची आळवणी वाचताना हा वादही मागे चालू होता, हे माहीत असलेलं बरं.

९. सरावाला एक दगड

हा नमुना मी साच्यावरून जुळवलाय, असा नेमका दगड कुठे नाही. आकडे दगडावर अक्षरांत असतात, इथे सोडवून दिलेत :

"पेयोत प्शेरे पेप्नेव्मा एतुआब / अपा येरेमियास अपा एनोख / अमा सिबिल्ला / अरि प्मेऊए न्तेप्सिखे / म्पेन्सोन योहान्नेस / न्ताफ्म्तोन म्मोफ न्सू १० / म्पाओपे, इंडिक्शन ८"

खालून जा. इंडिक्शन ८ : वर्ष कळणार नाही, सोडून द्या. 'सू' म्हणजे महिन्यातला दिवस. पाओपे १०, म्हणजे २८ सप्टेंबरपासून मोजत ७ ऑक्टोबर. 'न्ताफ्म्तोन म्मोफ' यात फ, म्हणजे पुरुष. वर नाव : आमचा भाऊ योहान्नेस, बहुधा मठवासी. 'अरि प्मेऊए' आठवण ठेवा, 'प्सिखे' आत्म्याची. वर यादी, आणि यादीवरून पत्ता : सक्कारा.

प्रत्यक्ष दगड उतरवताना खुणा ठरलेल्या वापरा, नाहीतर महिन्याभराने स्वतःचंच लिखाण कळत नाही. तुटलेल्या जागी आपण भरलेली अक्षरं चौकोनी कंसात, संक्षेप उलगडला तर गोल कंसात, शंका असलेल्या अक्षराखाली टिंब. १९३१मध्ये लायडनला ठरलेल्या पद्धतीत या खुणा याच अर्थाने आहेत, त्यामुळे तुमची वही दुसऱ्या कुणालाही वाचता येईल. ओळ जिथे तुटते तिथे उभी रेघ द्या आणि ओळींना क्रमांक द्या.

कैरोला जाणार असाल तर मेट्रोच्या पहिल्या मार्गावर मार गिर्गिस स्थानकाला उतरा, संग्रहालय समोरच आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या पोहोचा. सहलीच्या बस आल्या की दगडासमोर वही घेऊन उभं राहायला जागा उरत नाही. अपा येरेमियासच्या मठातलं दगडी प्रवचनपीठही तिथेच आहे. ते बघून घ्या, पण एका दिवशी दोनच दगड वाचा. तिसऱ्यापासून सगळी गोल अक्षरं सारखीच दिसू लागतात.